पाल ह्यांचा दगड आणि अर्धा निकाल

वकिलातीच्या कामासाठी किंवा चिदोरिगाफुचीचा साकुरा पाहायला म्हणून आपण कुदानशिता स्टेशनवर उतरतो, तेव्हा यासुकुनी देवस्थान अगदी हाकेच्या अंतरावर असते. त्याच्या आवारात, युशूकान ह्या युद्धसंग्रहालयाजवळ, एका भारतीय माणसाचे स्मारक आहे: न्यायमूर्ती राधाविनोद पाल. भारतातून आलेल्या पाहुण्यांना आपल्यापैकी पुष्कळजण तेथे आवर्जून नेतात. परक्या देशातल्या देवस्थानात आपला माणूस पाहून ऊर भरून येतो, फोटो काढला जातो आणि मंडळी जेवायला निघतात. त्या दगडाकडे, विशेषतः त्यावर काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही ह्याकडे, जरा निरखून पाहावे असे मला वाटते.

अमेरिकेतल्या आपल्या नातेवाइकांनी गेल्या काही वर्षांत पुतळ्यांचा वाद जवळून पाहिला आहे. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या सेनापतींचे पुतळे चौकाचौकांतून उतरवले गेले. शार्लट्‌सव्हिलचा जनरल ली २०२१ मध्ये उतरला आणि २०२३ मध्ये भट्टीत वितळला. त्या वादातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यातले बहुतेक पुतळे युद्धानंतर लगेच उभे राहिले नव्हते. ते कित्येक दशकांनी, काळ्या लोकांना पुन्हा दाबून टाकण्याच्या काळात उभारले गेले. म्हणजे स्मारक ज्याचे, त्याच्यापेक्षा ते कोणी, केव्हा आणि कुठे उभारले हे आधी विचारावे.

पाल ह्यांच्या दगडाला हाच प्रश्न विचारू. १९४६ ते १९४८ ह्या काळात टोकियोत युद्धगुन्हेगारांचा खटला चालला. ११ न्यायाधीशांमध्ये कलकत्ता हायकोर्टाचे पाल हे एक होते. शेवटी २५ आरोपी दोषी ठरले, त्यांतले सात फासावर गेले. एकट्या पाल ह्यांनी सर्वांना निर्दोष म्हटले आणि त्यासाठी १२०० हून अधिक पानांचा वेगळा निकाल लिहिला. त्यांचे म्हणणे असे होते की, युद्ध पुकारणे हा गुन्हा ठरवणारा कायदाच तेव्हा नव्हता. तो मागाहून करून जेत्यांनी पराभूतांना लावणे हा न्याय नव्हे. ॲटमबाँब टाकणाऱ्यांनाही त्यांनी सोडले नाही. पारतंत्र्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशाच्या माणसाने हे म्हणावे ह्याला निश्चितच धैर्य लागले असणार.

पण त्याच निकालात दुसरी गोष्टही आहे. नानकिंगच्या संदर्भात पाल म्हणतात की, प्रचाराचा आणि अतिशयोक्तीचा भाग वगळला तरी जपानी सैन्याने नागरिकांवर आणि युद्धकैद्यांवर अत्याचार केल्याचा पुरावा प्रचंड आहे. वरच्या नेत्यांनी तसे हुकूम दिल्याचे सिद्ध होत नाही एवढेच त्यांनी ठरवले. अत्याचार झालेच नाहीत असे ते कुठेही म्हणत नाहीत. सुटका ही आरोपींची होती. जपानच्या युद्धाला दिलेले ते प्रशस्तिपत्र नव्हते.

आता दगडाकडे या. तो २००५ साली, म्हणजे पाल वारल्यानंतर ३८ वर्षांनी उभा राहिला. जागा यासुकुनीची, जेथे १९७८ मध्ये त्या खटल्यातल्या १४ जणांना इतर सैनिकांबरोबर देवत्व दिले गेले. दगडावरचा मजकूर देवस्थानच्या मुख्य पुजाऱ्याचा. त्यात कायद्याचा न्याय आणि इतिहासाचे सत्य जपल्याबद्दल पाल ह्यांचा गौरव आहे. पुराव्याबद्दलच्या त्या भागाविषयी अक्षर नाही. कारागिरीत दोष काढण्यासारखे काही नाही. दोष आहे तो वकिली खुबीचा. साक्षीदाराचे अर्धे वाक्य कोर्टापुढे ठेवायचे आणि साक्षीदार परदेशी आहे, तटस्थ आहे, असे वर सांगायचे.

ह्यात आपले काय जाते? एक तर हा दगड आपल्या नावावर बोलतो. दुसरे, ज्यांच्यावर अत्याचार झाले त्यांत आपलीही माणसे होती. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर मलायातले तमिळ मजूर हजारोंनी मेले. ३० जानेवारी १९४४ रोजी अंदमानात होम्फ्रेगंज येथे ४४ भारतीयांना हेर ठरवून जपान्यांनी गोळ्या घातल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये मणिपूरच्या सांगशाकला मराठा पलटणीची पोरे जपान्यांशी लढत होती. आपली मुले येथे चिनी आणि कोरियन मुलांच्या शेजारी वर्गात बसतात. भारताच्या जजने जपानला सोडले ना, असे कोणी विचारले तर त्यांना उत्तर देता यायला हवे.

मग दगड काढा म्हणावे का? माझे मत स्पष्ट नाही असे आहे. यासुकुनी १९४६ पासून खाजगी धर्मसंस्था आहे, त्यामुळे सरकार तो काढूही शकणार नाही, हा भाग वेगळा. पण काढण्याचे हत्यार कोणाच्या हातात असते ते पाहा. गुन्मा प्रांतात ताकासाकीच्या सार्वजनिक बागेत, युद्धकाळात मेलेल्या कोरियन मजुरांचे स्मारक नागरिकांनी २००४ मध्ये उभारले होते. तेथल्या कार्यक्रमांत मजुरांना जबरदस्तीने आणल्याचा उल्लेख झाला. हे राजकारण आहे म्हणून प्रांत सरकारने २०१४ मध्ये परवाना वाढवून दिला नाही, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली आणि २०२४ च्या जानेवारीअखेर बुलडोझर आला. उलट मियाझाकीचा १९४० चा मनोरा पाहा. आशियाभरातून, जिंकलेल्या मुलखातूनही, आणलेले दगड त्यात बसवलेले आहेत. ‘अवघे जग एका छताखाली’ ह्या अर्थाची अक्षरे युद्धानंतर त्यावरून उतरवली गेली आणि १९६५ मध्ये पुन्हा चढवली गेली. चूक कबूल करणारा दगड गेला, चुकीचा डंका वाजवणारा राहिला. (आपल्याकडे तरी काय वेगळे? काळा घोडा १९६५ मध्ये राणीच्या बागेत गेला, नाव मात्र चौकाला चिकटून राहिले. आणि पुण्यात २०१७ मध्ये गडकऱ्यांचा पुतळा रातोरात मुठेत फेकला, त्याने ‘राजसंन्यास’वरची चर्चा एका शब्दाने पुढे गेली नाही.)

अमेरिकेतले पुतळे कोर्टकचेऱ्यांपुढे, सर्वांच्या पैशाने राखलेल्या जागेत होते. ते गेले हे मला योग्य वाटते. पाल ह्यांच्या दगडाबाबत मागणी वेगळी हवी. त्याच्या शेजारी दुसरा फलक लागावा, त्यावर त्यांच्याच निकालातले ते पुराव्याचे शब्द जपानी, इंग्रजी आणि बंगालीत असावेत. देवस्थान नाही म्हणेल, बहुधा पहिल्याच पत्राला. पाहुण्यांनी यजमानाच्या घरात बोलू नये असे आपल्यातलेच काहीजण म्हणतील. शिवाय आपले पंतप्रधान मनमोहन सिंग ह्यांनीही २००६ मध्ये जपानी संसदेत पाल ह्यांचा गौरवाने उल्लेख केला होता, असेही सांगतील. गौरव जरूर असावा, पण सबंध निकालाचा.

आणि बाहेरून आलेल्यांच्या मागणीने दगड येथे हलल्याचे उदाहरण आहे. हिरोशिमात बाँबने मेलेल्या कोरियन लोकांचे स्मारक १९७० मध्ये उभे राहिले ते शांतिउद्यानाच्या बाहेर, नदीपलीकडे. येथल्या कोरियनांनी ते आत घ्या असा धोशा लावला. १९९९ मध्ये ते आत आले. २९ वर्षे लागली.