शनिवारवाड्यातील चेहरे

स्कॉटलंडचा चित्रकार जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईस आला व पुढील वर्षी इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने पुण्यात दाखल झाला. तेथे त्याने रंगविलेले सवाई माधवराव पेशवे व नाना फडणवीस यांचे तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रही आहे.

या चित्रात नानाच खरे नायक आहेत, असे आम्हांस वाटते. अठरा वर्षांचे पेशवे अलंकारांच्या भाराखाली किंचित हरवल्यासारखे दिसतात. नानांच्या कृश, लांबट मुद्रेवर मात्र सारा कारभार उमटला आहे. पाश्चात्य छायाप्रकाशाचे तंत्र येथे सार्थकी लागले आहे, कारण त्याने वस्त्र नव्हे, मन उजळले आहे.

तथापि, पाठीमागे उभ्या सेवकांकडेही पाहावे. त्यांना चेहरे आहेत, पण नावे नाहीत; चित्राच्या शीर्षकातही ते केवळ ‘सेवक’ म्हणून उरतात. हा दोष एकट्या वेल्सचा नव्हे. ज्याच्या दरबारी कुंचला चालतो, त्याच्याच माणसांना नाव मिळते. (आमच्या आष्टीत महंमदखान नियाझीची मोगलकालीन कबर उभी आहे, तिचे दगड घडविणाऱ्यांची नावे कोणास ठाऊक?)

अमेरिकेत जॉर्ज कॅटलिनने १८३४ मध्ये चॉक्टॉ लोकांची व्यक्तिचित्रे काढली. १८३० च्या कराराने मिसिसिपीची भूमी गमावून ते पश्चिमेस हाकलले गेले होते. पण कॅटलिनने सरदाराबरोबर चेंडूच्या खेळातील एका खेळाडूचेही नाव टिपून ठेवले. रंगकामात तो वेल्सहून उणा, या एका बाबतीत मात्र अधिक उदार!

वेल्स व सवाई माधवराव दोघेही १७९५ मध्ये वारले. पुढे १८०५ मध्ये टॉमस डॅनिएलने १७९० च्या तहाचा पुणे दरबार इंग्लंडमध्ये बसून भव्य फलकावर रंगविला. तो स्वतः त्या दरबारी हजर नव्हता. वेल्सच्या रेखाटनांवरच त्याची सारी भिस्त. म्हणूनच त्या चित्रात थाट अधिक व माणूस कमी.

मॅलेटच्याच आश्रयास गंगाराम तांबट नावाचा पुण्याचा चित्रकार होता. त्याने वेरूळची लेणी रेखाटली. मराठी वाचकांनी वेल्सबरोबर त्याचेही काम पाहावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. त्याची चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठात आहेत, पुण्यात नव्हेत.