नऊ रंग, एक चेहरा

कोणत्याही कृतीचे परीक्षण करताना प्रथम तिच्या कर्त्याचे नाव सांगण्याची रीत आहे. आज आम्ही जिच्याविषयी लिहीत आहोत तिला एक कर्ता नाही, असंख्य कर्त्या आहेत. शारदीय नवरात्रात दर दिवसाला एक रंग नेमून दिला जातो. त्या रंगाची साडी नेसून बँकांतल्या, शाळांतल्या, इस्पितळांतल्या, कचेऱ्यांतल्या स्त्रिया एकत्र उभ्या राहतात, छायाचित्र काढवून घेतात आणि ते वृत्तपत्राकडे किंवा आप्तेष्टांच्या व्हॉट्सॲप-समूहाकडे धाडतात. मग आज पानभर पिवळा, उद्या पानभर हिरवा, परवा पानभर करडा, असे नऊ दिवस चालते. या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या मराठी वृत्तपत्रांनी रुजविलेली ही प्रथा आता आमच्या देवळांच्या प्राकारांपर्यंत येऊन पोचली आहे. इतके लोक जिच्यात रमतात ती गोष्ट परीक्षणास पात्र नाही, असे आम्हांस वाटत नाही.

प्रथम गुण सांगू. ज्या समाजात सणाचे वस्त्र म्हणजे ऐपतीचे प्रदर्शन होते, तेथे या प्रथेने किमतीऐवजी रंग पुढे आणला. पैठणी आणि साधी सुती साडी एका ओळीत उभ्या राहिल्या. मोठ्या हुद्द्याची बाई आणि झाडलोट करणारी बाई एका चौकटीत आल्या. घरची कामे उरकून, गाडी गाठून, दिवसभर राबणाऱ्या स्त्रीला क्षणभर आपल्याकडे कोणी पाहावे असे वाटले, तर त्यात उणे काय? या आनंदाला नाके मुरडणाऱ्यांत आम्ही नाही.

परंतु या प्रथेच्या अंगावर प्राचीनत्वाची जी शाल पांघरली जाते, ती मात्र आम्ही उतरवून ठेवू इच्छितो. अमुक रंग शैलपुत्रीचा, तमुक ब्रह्मचारिणीचा, अशा याद्या दरवर्षी हातोहात फिरतात. त्याच याद्या जरा शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात. २०२३ साली पहिला दिवस नारिंगी होता, २०२४ साली पिवळा, २०२५ साली पांढरा. शैलपुत्री तर दरवर्षी तीच. मग तिचा आवडता रंग वर्षावर्षाला कसा पालटतो? उत्तर सोपे आहे. रंग देवीचा नसून वाराचा आहे. त्या त्या वर्षी घटस्थापना रविवारी, गुरुवारी व सोमवारी आली, एवढेच. वारांचे हे रंगही ग्रहांच्या परंपरेशी पुरते जुळत नाहीत. परंपरेने बुधाचा रंग हिरवा आणि शुक्राचा पांढरा. येथे बुधवार निळा व शुक्रवार हिरवा आहे. नवी प्रथा नवी म्हणून गोड मानण्यास आमची हरकत नाही. तिला शास्त्राधार चिकटविण्यास आहे. कारण आधार चिकटला की हौसेचे बंधन होते, आणि 'आज तू हा रंग का नाही नेसलीस?' हा प्रश्न धर्माच्या आवाजात विचारला जाऊ लागतो.

आता कृतीच्या अंतरंगाकडे वळू. गोव्याच्या देवालयांत नवरात्रीच्या रात्री मखरोत्सव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आमचे म्हणणे चटकन उमजेल. कीर्तन संपते, वाद्ये घुमू लागतात, सजविलेल्या मखरात बसलेली देवी आरतीच्या तालावर झुलू लागते. रोज सजावट निराळी, वस्त्र निराळे. पण गर्दीतून टाचा उंचावून पाहणाऱ्या प्रत्येकाची नजर शोधते ती तिचे मुख. कोल्हापुरात अंबाबाईची पूजा नवरात्रात रोज नव्या रूपात बांधतात, तेथेही हेच. वस्त्र पालटते ते मुख पुन्हा नव्याने पाहता यावे म्हणून. रंगांच्या पानावर याच्या नेमके उलटे घडते. तेथे रोज चेहरे नवे असतात, पण ते सारे सारखेच दिसतात. पन्नास बायका पिवळ्या एवढेच ध्यानात राहते. त्यांतली कोण कुठली, कोणाची, हे कोणी विचारीत नाही. जो रंग माणसाला उठाव देण्यासाठी यावयाचा, त्यानेच माणसाला गिळले आहे.

आणि रंग तरी किती उरले? आमच्या आयाआज्यांच्या तोंडी अबोली, डाळिंबी, आमसुली, अंजिरी, गुलबक्षी, केतकी, पारवा, चिंतामणी अशी नावे होती. बहुतेक नावांमागे एखादे फूल, फळ, पाखरू असे. आता 'रॉयल ब्लू' आणि 'ग्रे' यांवर भागते. ज्या गोव्यात अबोलीचा वळेसर केसांत माळल्यावाचून सण साजरा होत नसे, तेथे त्या रंगाला यादीत स्थान नाही, आणि ही उणीव कोणाला जाणवतही नाही. आमच्या मते या प्रथेचे सर्वांत मोठे नुकसान हेच.

इंदुरात नोकरी करीत असता छायाचित्रणाकडे वळलेले आणि पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झालेले राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला होता. तेथे पडदा राखून स्त्रीच स्त्रियांची छायाचित्रे घेई. त्या काळी स्त्रीचे छायाचित्र म्हणजे घराने जपावयाचा ऐवज होता. तेथून आजच्या जाहीर पानापर्यंतची वाटचाल ही मोकळिकीची वाटचाल आहे, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. पण मोकळीक मिळून जर स्त्री निनावीच राहिली, तर पडदा गेला कोठे? तो फक्त रंगीत झाला.

आमच्या घरी आजीचे एक कृष्णधवल छायाचित्र आहे. देवळाच्या दीपस्तंभापाशी ती उभी आहे, आणि लुगडे अगदी काळे दिसते. घरातल्या एका मुलीने विचारले, "आजी सणाला काळे नेसली होती?" तेव्हा कोपऱ्यात बसलेली वृद्ध आत्या उसळून म्हणाली, "काळें न्हय गो, तांबडें!" त्या काळच्या पुष्कळशा फिल्मवर तांबडा रंग काळाच उमटे. आत्या मग बोलतच राहिली: लुगडे कोणी आणले, त्या वर्षी पाऊस किती लांबला, छायाचित्रकाराने किती वेळ तिष्ठत ठेवले. रंग चित्रात नव्हता. तो माणसाच्या स्मरणात होता, आणि म्हणून आजवर विटला नाही. ही आत्या बालविधवा होती. नऊ रंगांच्या कोणत्याही ओळीत तिच्या पिढीने तिला उभे केले नसते. आजच्या पिढीने तरी अशा स्त्रियांना हात धरून ओळीत आणावे. तसे झाले, तर या प्रथेचे शंभर अपराध आम्ही पोटात घालू.

म्हणून नवरात्र मंडळांस व देवस्थानांस आमची सूचना एवढीच आहे. छायाचित्रे खुशाल गोळा करा, रंगवार लावा. पण प्रत्येकीला विचारून तिचे नाव खाली लिहा, आणि साडीविषयी एक ओळ तिच्याच शब्दांत मागून घ्या. ती कोणाची, कोणी दिली, या रंगाला तिच्या घरी काय म्हणतात, एवढे पुरे. नऊ दिवसांत नऊ रंगीत पाने जमतील, आणि ती चाळणाऱ्याला रंगाआधी चेहरा दिसेल.