कणगीचं पोट

कणगीकडे, म्हणजे धान्याच्या विणलेल्या कोठीकडे, पाहणाऱ्याची नजर आधी शेणमातीच्या लेपावर ठरते. ती तिथून काढावी आणि लेप जिथे पडला आहे तिथून आतली वीण पाहावी. ही कणगी बारामती-इंदापूरकडची. नीरेचा डावा कालवा १८८५ मध्ये आला आणि बारामती-इंदापूरच्या भिजत्या रानात ऊस वाढत गेला. कालव्याचं पाणी न पोचलेल्या जिरायतीत मात्र रब्बीची ज्वारी राहिली, आणि तिच्याबरोबर कणगीही. पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटर, तोही लहरी. एका सुगीची ज्वारी पुढच्या सुगीपर्यंत, दुष्काळाच्या धास्तीने कधी त्याहून जास्त, राखायची, हे कणगीचं काम. प्रयोगशाळा ज्याला नैसर्गिक तंतूंचं काँपोझिट (तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं द्रव्य यांचं मिश्र साहित्य) म्हणते ते इथे घराच्या कोपऱ्यात उभं असतं.

निरगुडीचे फोक हिरवे असतानाच विणतात. वाळल्यावर ते वाकायचे नाहीत, मोडतील. विणून झालं की सांगाडा उन्हात सोडायचा, लेपाची घाई करायची नाही. वनस्पतीचा तंतू पाणी प्याला की फुगतो, सोडलं की आकसतो. ताग नुसत्या दमट हवेतूनही आपल्या वजनाच्या १२-१३ टक्के पाणी ओढून घेतो. काचेचा तंतू जवळजवळ काहीच घेत नाही. ओल्या फोकावर लेप चढवला तर फोक मागाहून बारीक होणार आणि लेप सुटणार. काँपोझिटमध्ये तंतूंना बांधणारं रेझिन ओतण्याआधी ते तंतू भट्टीत वाळवणारा अभियंता हेच टाळत असतो. इथे ते काम उन्हाकडे, आणि ऊन त्यात चुकत नाही.

आता पोट. तळाशी आवळलेलं, मध्ये फुगलेलं, तोंडाशी पुन्हा आवळलेलं. भरलेली ज्वारी भिंतीला बाहेर रेटते आणि तो रेटा आडवे फोक सोसतात. प्रत्येक वेढा ताणला जातो, आणि लाकडाचा तंतू ताण चांगला सोसतो. मग उभे दांडे कशाला? धान्य पाण्यासारखं वागत नाही. दाणे भिंतीला घासून तिच्यावर टेकतात, त्यामुळे राशीच्या वजनाचा काही भाग तळाऐवजी भिंतीत उतरतो. यान्सेन या जर्मन अभियंत्याने १८९५ मध्ये याचं गणित मांडलं. धान्याच्या सायलोंची आखणी आजही त्यावर बेतलेली असते. भिंतीत उतरलेलं हे ओझं उभे दांडे पायथ्याच्या दगडांपर्यंत नेतात. आडव्याला ताण, उभ्याला दाब. एकही फोक स्वभावाविरुद्ध राबवलेला नाही. माझ्या मते दाद द्यायची खरी जागा हीच.

लेपाच्या मातीची निवडही अशीच जाणती. शिवारभर काळी पसरलेली असते, पण ती कणगीला लागत नाही. पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा देते. आणायची ती पांढरी, गावठाणातली. तिच्यात शेण. गाईने चावून, पचवून उरलेली कडब्याची आखूड काडं शेणात असतात. मऊ भाग गेलेला, चिवट तेवढा शिल्लक. लेप वाळताना भेग पडू लागली की ही काडं तिचे दोन्ही काठ धरून ठेवतात. गळून पडलेला एखादा पोपडा मोडून पाहा. तो खापरासारखा कटकन तुटत नाही. काडं ओढली जातात, मग सुटतात, आणि त्या ओढाताणीतच लेपाचा सगळा चिवटपणा आहे. मोठे फोक पोटाचा रेटा धरतात, बारीक काडं भेगा. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश सापडल्याचं २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालं, तीही याच घराण्यातली चीज.

आणि ओल? तिला कणगी पूर्ण अडवायला जातच नाही. श्रावणातल्या दमट हवेत लेप ओल घेतो, उघडीप पडली की सोडतो. आतल्या ज्वारीपर्यंत हा चढउतार मंदावूनच पोचतो. पत्र्याच्या कोठीत थंड रात्री पत्र्याला आतून घाम सुटतो आणि कडेचे दाणे बुरसतात. तो धोका मातीच्या भिंतीला कमी. बाकी खबरदारी बाहेरची: खाली दगड, वर छप्पर, ज्वारी कडकडीत वाळवलेली, वर कडुनिंबाचा पाला, झाकणाची कड शेणाने लिंपलेली. उघड्यावर चार सरी खाल्ल्या तर लेप वाहून जाईल, घूस लागली तर फोकही टिकणार नाहीत. म्हणून भरण्याआधी नवा हात फिरवायचाच.

वीण मुद्दाम थोडी विरळ ठेवलेली असते, तीही नजरेतून सुटू नये. फटींतून माती आरपार जाते आणि आतला व बाहेरचा लेप एकमेकांना धरतात. मध्ये फोक पक्के बसतात. उसाच्या चोथ्याच्या, म्हणजे बगॅसच्या, काँपोझिटला अशी पकड सहजी मिळत नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या साखर कारखान्यांतून बगॅस निघतं ते जवळपास निम्मं पाणी घेऊन, आणि बहुतेक बॉयलरमध्ये जळतं. त्याचं काँपोझिट करायचं तर आधी वाळवा, भुसभुशीत गर काढा, उरलेली साखर धुवा. एवढं करूनही रेझिनला धड पकड मिळत नाही. त्यासाठी तंतूंवरचा मेणचट थर कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने उतरवावा लागतो.