मातृप्रभाव आणि बालकांचे दंतारोग्य

लहान मुलांच्या दातांच्या किडीचा विषय निघाला की अभ्यासकाची दृष्टी प्रथम मातेकडे वळते. तिला प्रश्नावली द्यावयाची, तिच्या ज्ञानाला गुण द्यावयाचे, मुलाचे किडलेले दात मोजावयाचे आणि दोहोंचा संबंध दाखवून ‘मातांचे प्रबोधन आवश्यक आहे’ असा निष्कर्ष काढावयाचा, ही पद्धती आता रूढ झाली आहे. तिच्यामागील हेतू चांगला असला, तरी तिच्यातील तर्क तपासून पाहणे अगत्याचे आहे.

मातेचा प्रभाव असतो, याविषयी वाद नाही. दात किडविणारे स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स हे जंतू पुष्कळदा आईच्या लाळेतूनच मुलाच्या तोंडी जातात. 1993 साली कॉफील्ड व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत केलेल्या पाहणीत हे संक्रमण मुख्यतः 19 ते 31 महिन्यांच्या वयात होते असे आढळले. ते दात येण्यापूर्वीही होऊ शकते, असे पुढील संशोधनाने दाखविले. स्वीडनमध्ये मातांच्या तोंडातील जंतू कमी केल्यावर मुलांमधील संक्रमण लांबले. तेथे मातांना केवळ उपदेश झाला नव्हता. त्यांच्या स्वतःच्या दातांवर उपचारही झाले होते.

हा भेद नवी मुंबईतील तुर्भ्यासारख्या ठिकाणी विशेष महत्त्वाचा ठरतो. कृषी उत्पन्न बाजार समितीच्या बाजारपेठा, औद्योगिक वसाहत, दगडखाणी आणि त्यांच्या आधाराने वाढलेल्या झोपडवस्त्या असा हा परिसर आहे. भाजीबाजार पहाटेच सुरू होतो. ज्या घरातील स्त्रीला मूल उठण्यापूर्वीच कामावर निघावे लागते, त्या घरी मुलाचे दात घासणे वा त्याला चहाबिस्किट देणे हे मोठ्या बहिणीच्या किंवा आजीच्या हाती असते. प्रश्नावली मात्र ‘आपण मुलाचे दात रोज घासता काय?’ असे आईलाच विचारते. अपेक्षित उत्तर तिला ठाऊक असते. ती ‘होय’ म्हणते आणि रकान्यात एक गुण पडतो.

दुसरा दोष अधिक मूलगामी आहे. आई व मूल या दोघांचेही दात किडलेले आढळले, म्हणून आई हेच कारण ठरत नाही. एकाच घरची साखर, एकच नळ आणि एकच तुटपुंजे उत्पन्न दोघांच्याही वाट्यास आलेले असते. शिक्षित मातांच्या मुलांचे दात निरोगी दिसतात, तेव्हाही शिक्षणाबरोबर पैसा, सवड आणि दंतवैद्य येतात, हे विसरता कामा नये. सहसंबंधालाच कार्यकारणभाव मानले, की परिस्थितीचा दोष स्त्रीच्या माथी मारला जातो.

याचा अर्थ ज्ञान निरुपयोगी आहे असा नव्हे. ‘दुधाचे दात पडावयाचेच’ ही समजूत घातकच आहे. कारण त्या 20 दातांच्या मुळांशी कायमच्या दातांची घडण चालू असते. पहिला दात येताच तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरावी, हेही सांगावयास हवे. परंतु ज्याच्या हाती ब्रश आहे, त्याला ते सांगितले पाहिजे.

तात्पर्य, आईला काय ठाऊक आहे, एवढाच प्रश्न विचारून भागणार नाही. मुलाच्या तोंडी दिवसभरात काय जाते, कोणाच्या हातून जाते आणि गरोदरपणात त्या आईचे स्वतःचे दात कोणी तपासले होते काय, हे विचारणारे संशोधनच मातृप्रभावाचे खरे मोजमाप करू शकेल.