‘कानडा’ : एक शब्द आणि एक दृष्टी

ज्ञानेश्वरांच्या नावे असलेल्या ‘पांडुरंगकांती’ या अभंगात विठ्ठलास ‘कानडा’ म्हटले आहे. या शब्दाचा अर्थ एक पक्ष कर्नाटकाशी जोडतो. दुसरा ‘आकलनापलीकडला’ असा करतो. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात दैवताची दक्षिणेकडील मुळे उलगडल्यावर पहिला पक्ष सहजी नाकारता येणार नाही.

तथापि हे दोन अर्थ मुळात परके नसावेत, असे मला वाटते. न कळणाऱ्या भाषेच्या नावानेच अगम्यतेला हाक मारण्याची सवय मराठी अंतर्मनात मुरलेली आहे. तुकारामांच्या एका अभंगातील कानडी पत्नी व मराठी पती यांचा संवाद जुळत नाही, तेथे ती विनोदाच्या अंगाने दिसते. येथे मात्र ती अनुभवाची जातच बदलते. नमस्कारास वाकावे तर पाऊल सापडत नाही. देव सन्मुख की पाठमोरा, हेही उमगत नाही. पंढरीची मूर्ती तर विटेवर समचरण उभी! म्हणजे पाऊल हरवते ते पाषाणात नव्हे, भाविकाच्या दृष्टीत. आणि तिला ‘कानडा’ या शब्दाने आधीच तयार केलेले असते.

बेळगावच्या विद्यार्थ्यास या शब्दात शेजारघरची बोली प्रथम ऐकू येईल, इंदूरच्या विद्यार्थ्यास कदाचित केवळ गूढता. टीपांतील एकच अर्थ प्रमाण मानून उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आपण अध्यापकांनी दोघांपैकी कोणाचेही उत्तर खोडू नये.