कौटुंबिक मालकी आणि नेतृत्व : विको व कॅम्लिन यांच्या संदर्भात एक चिकित्सा

कौटुंबिक उद्योगांच्या कामगिरीची चर्चा करताना मालकी आणि नेतृत्व हे घटक बहुधा एकच मानले जातात. हे गृहीतक तपासणे आवश्यक आहे.

केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ साली स्थापन केलेल्या आणि डोंबिवलीतही कारखाना उभारणाऱ्या विकोमध्ये मालकी व नेतृत्व दोन्ही कुटुंबाकडेच राहिले. आपली उत्पादने सौंदर्यप्रसाधने नसून आयुर्वेदिक औषधे आहेत, हा उत्पादन शुल्काचा वाद विकोने सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढविला. तिमाही नफ्याकडे डोळे लावलेल्या भागधारकांनी एवढा धीर धरला असता काय, हा प्रश्नच आहे. मात्र शेअर बाजाराबाहेरील अशा उद्योगाची कामगिरी बाजारमूल्याच्या निकषावर तपासता येत नाही, ही मर्यादाही मान्य करावी लागते.

याउलट, दांडेकर बंधूंनी १९३१ साली सुरू केलेल्या कॅम्लिनची बहुसंख्य मालकी २०११ मध्ये जपानच्या कोकुयोकडे गेली. तरी त्यानंतरही दांडेकर कुटुंबीय नेतृत्वात होते. येथे मालकी आणि नेतृत्व यांची फारकत स्पष्ट दिसते.

सारांश, जोखीम कोण सोसतो आणि निर्णय कोण घेतो, हे दोन प्रश्न वेगळे केल्याशिवाय ‘कौटुंबिक’ या एकाच शिक्क्याखाली काढलेले निष्कर्ष अपुरेच ठरतात.