'तमस'मधील अमन-कमिटी

परप्रांती नोकरी करणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना जे थोडे लाभ पदरात पडतात, त्यांत हिंदी साहित्य मुळातून वाचावयास मिळणे हा एक होय. भीष्म साहनी यांची 'तमस' ही कादंबरी (१९७३) आम्ही अलीकडे पुन्हा वाचली. तिला १९७५ साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार लाभला. गोविंद निहलानी यांच्या चित्रणामुळे ती १९८८ साली दूरदर्शनवरून घरोघरी पोहोचली. तिची चर्चा बहुधा पहिल्या प्रकरणातील नत्थू आणि त्याने मारलेले डुक्कर यांभोवती घुटमळते. आम्हांस मात्र शेवटची अमन-कमिटी अधिक अस्वस्थ करते.

मार्च १९४७ मधील रावळपिंडीकडील दंगली हा कादंबरीचा विषय. तीत सज्जनांचा तुटवडा नाही. राजो ही मुसलमान स्त्री हरनामसिंग व बंतो या शीख दांपत्यास आपल्या घरी आसरा देते. जर्नैलसिंग शांततेचे भाषण करीत असता मारला जातो. देवदत्त दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांना एकत्र आणण्यासाठी वणवण करतो. पण यांतील प्रत्येक जण एकटा आहे. एकट्याची माणुसकी किती लवकर मोडते, हे लेखकाने शाहनवाजच्या द्वारे दाखविले आहे : तो आपल्या हिंदू मित्राच्या कुटुंबास वाचवितो, आणि त्याच मित्राच्या नोकरास, मिलखीला, जिन्यावरून लाथेने खाली लोटतो. कादंबरीतील सर्वांत भेदक प्रसंग आमच्या मते हाच.

मग संघटित प्रयत्न येतो, तो आग विझल्यावर. कोणत्या जमातीचे व पक्षाचे किती सभासद, यावर घासाघीस होते, कमिटी बनते, आणि शांततेच्या घोषणा देत मोटार निघते. घोषणा देणारा आहे मुरादअली. ज्याने पैसे देऊन डुक्कर मारविले, तोच! साहनींचा हा उपरोध न्याय्य आहे. पण तो पुरा आहे काय?

मुरादअली त्या मोटारीत बसू शकतो, कारण कमिटीत हिंदू, मुसलमान, शीख यांना जागा आहे. नत्थूच्या वस्तीला नाही. नत्थू मेला आहे, आणि त्याने बायकोपाशी दिलेली कबुली ऐकावयास कोणी गेलेले नाही. हे निदान कादंबरीतच दडलेले आहे. परंतु लेखक उपरोधावर थांबतो, आणि वाचक अशा सर्वच कमिट्या ढोंग असतात, असे मानून पुस्तक मिटतो. येथे आमचा मतभेद आहे.

मतभेदास आधार आहे तो महाराष्ट्रातलाच. १९७० च्या दंगलीनंतर भिवंडीत गेले असता साहनींना रावळपिंडी आठवली आणि 'तमस'चे लेखन सुरू झाले, असे त्यांनीच नमूद केले आहे. त्याच भिवंडीत १९८४ साली पुन्हा रक्त सांडले. नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला-कमिट्या उभ्या केल्या. त्यांत हिंदू-मुसलमान शेजारी शांततेच्या काळातच, सणांपूर्वी व अफवा उठताच, एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. यंत्रमागांचे हे शहर शांत राहिले. आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ सालच्या आपल्या ग्रंथात या उदाहरणाचा विचार केला आहे. भेद कमिटी असण्या-नसण्याचा नव्हे. ती केव्हा बसते आणि तीत कोण बसते, याचा आहे.

कादंबरीत आणखी एक इसम आहे. मदत-समितीचा हा कारकून आपले दुःख सांगावयास आलेल्यांना अडवून केवळ आकडे मागतो : किती मेले, किती घायाळ, किती नुकसान. त्याच्यावर रागावणे सोपे आहे. पण आमच्यासारख्या फायलींत जन्म घालविणाऱ्यांनी स्वतःस विचारावे, की त्याच्या जागी आम्ही वेगळे काय केले असते? आकडे लागतातच, परंतु रकाना भरून झाल्यावरही समोरचा माणूस बोलत असेल, तर लेखणी खाली ठेवून ऐकणे आपल्या हाती असते. मुरादअलीचे नाव कळण्याचा दुसरा मार्ग आम्हांस तरी दिसत नाही.